एकशेवीस ताकदीचा दगडखाऊ

माझा भाऊ भारत खोटं बोलत नाही. अख्ख्या मखमलाबादमध्ये कुणालाही विचारा, हेच सांगतील. त्यानं आईची शप्पथ घेतली की विषय संपला. म्हणून तर मी फसले.

दोन हजार दोन साल. दर रविवारी दुपारी आम्ही देवळाली कॅम्पात भारतच्या मित्राच्या, कुंदनच्या घरी जमायचो. कुंदनचे वडील तोफखान्यात सुभेदार. शेजारच्या साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्या मुलानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचे फासे कुंदनला देऊन टाकले होते. खेळ कागदावरचा. एक जण गोष्ट रचतो आणि चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. वाटेत राक्षस आडवा आला की फासे टाकून लढायचं. गोष्ट चालवायचा शेखर, भारतच्या कॉलेजातला. लढणारे आम्ही तिघं: भारत, कुंदन आणि मी, सायली. पोरगी मी एकटीच, आणि तलवार सगळ्यांत मोठी माझीच.

शेखरचं खरं कसब राक्षस जोखण्यात. पुस्तकात प्रत्येक राक्षसापुढे अवघडपणाचा आकडा छापलेला असतो, किती जणांना हा भारी पडेल त्याचा. शेखर म्हणायचा, "छापील आकड्याला काय कळतंय? समोर कोण बसलंय ते बघून जोखावं लागतं." मग तो वहीत मांडत बसायचा. राक्षसाची ताकद किती, घाव केवढा, आम्ही किती दमलेलो. फार सोपा झाला तर खेळात राम नाही, फार अवघड झाला तर चहा येईपर्यंत सगळे मेलेले. वही आणि त्याचे फासे कॅलेंडरच्या पुठ्ठ्याआड असायचे. आम्हाला दिसायचं फक्त त्याचं तोंड.

त्या दिवाळीच्या सुट्टीत त्यानं दगडखाऊ आणला. डोंगराएवढा, डोंगरच खाऊन जगणारा. आम्हाला घाबरवायला आधीच सांगून टाकलं, ताकद एकशेवीस. भारत पडला, कुंदन पडला. मी एकटी उरले, आणि मी त्याला मारला! खुर्चीवर उभी राहून अशी किंचाळले की कुंदनची आई पोळी तव्यावर टाकून धावत आली. परतताना बसमध्ये भारत म्हणाला, "आईशप्पथ सायले, असं दुसरं कुणी लढलं नसतं."

हसाल तुम्ही, पण त्या दगडखाऊच्या जिवावर मी घरात पहिल्यांदा नाही म्हणाले. निफाडचं स्थळ आलं होतं, द्राक्षबागवाले. आबा, माझे वडील, म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, बाग हाय. अजून काय पाहिजे तुला?" मी म्हणाले, मला फार्मसी पूर्ण करायचीय, नोकरी करायचीय, त्यांना बोलावू नका. मनात एकच, एकशेवीसवाला आडवा केलाय मी, आबा किस झाड की पत्ती. स्थळ परत गेलं आणि आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

संक्रांतीनंतर शेखरला पुण्यात नोकरी लागली. जायला एक रविवार उरला असताना त्यानं स्वतःची वही माझ्या हातात ठेवली. "पुढची गोष्ट तू चालव," म्हणाला. मला आभाळ ठेंगणं झालं. घरी आल्याआल्या मी दगडखाऊचं पान काढलं.

एकशेवीसवर पेन्सिलीची काट. शेजारी साठ. घावही निम्मा. खाली शेखरच्याच अक्षरात: भारत म्हणतो, सायली जिंकली पाहिजे.

मागची पानं उलटली. वर्षभरात शेवटचा घाव माझा असलेले सात राक्षस. साती निम्मे.

भारत मळ्यातल्या शेडमध्ये बाजारासाठी गुलाबाच्या जुड्या बांधत होता. मी वही त्याच्या पुढ्यात आपटली.

"हे काय आहे, दादा?"

त्यानं पान बघितलं आणि दोरा तसाच बोटाला गुंडाळत राहिला. "अगं, वर्षभर तुझं लग्न ठरायच्या गोष्टी चालल्या होत्या. आज ना उद्या सासरी गेली असतीस. म्हटलं, तेवढं तरी जिंकू दे."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुझ्या सुखासाठीच केलं ना!"

जळो मेलं ते सुख! लग्नाआधी पोरीची समजूत म्हणून यांनी मला जिंकवलं, आणि त्याच जिंकण्यावर मी लग्नाला नाही म्हणून बसले. फुलबाजारात पाटी घेताना व्यापारी वरच्या टपोऱ्या फुलांवर जात नाही, खालपर्यंत हात घालून बघतो. माळ्याची पोर असून मी वर्षभर खाली हात घातला नव्हता. राग त्याचाही आला आणि माझाही.

"शेखरला सांग, रविवारी दगडखाऊ पुन्हा आणायचा," मी म्हणाले. "पुरा एकशेवीसचा."

रविवारी सगळ्यांत आधी मी तो पुठ्ठा फाडला. वही टेबलावर उघडी, शेखरचे फासेही सगळ्यांसमोर. शेखर खाली मान घालून बसला होता. "सायली, तिघांनाही हा जड जाईल," तो म्हणाला. मी म्हटलं, "जाऊ दे. मेले तर माझी मी मरेन."

तासभर लढलो. भारत पडला. मागोमाग कुंदनही. दगडखाऊची ताकद अठरा उरली, माझी पाच. त्याचा पुढचा घाव बसला की मी संपले. मला वीसच हवा होता, वीस पडला तरच घाव दुप्पट होऊन तो मेला असता. मी फासा टाकला.

वीस.

कुंदन टाळ्या वाजवायला लागला. शेखरनं वहीत घाव वजा केला, शून्य लिहून त्याभोवती गोल काढला आणि वही माझ्याकडे वळवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खुर्चीवर चढले नाही. मी फासा उचलून उलटापालटा करून बघितला. मग पुन्हा टाकला. सात. पुन्हा. सोळा. तीन. अकरा.

"काय करतेयस?" कुंदननं विचारलं.

"फासे काल कुणाकडे होते?"

कुंदन हळूच म्हणाला, "भारतकडे. काल येऊन तोच घेऊन गेला होता."

मी वही ओढली आणि प्रत्येक घाव पहिल्यापासून मोजला. बरोबर होता. परत मोजला. परत बरोबर. तरी मला वाटेना की मी जिंकले. लढताना माझं लक्ष माझ्या फाशाकडे होतं, शेखर काय टाकतोय आणि काय लिहितोय ते मी प्रत्येक वेळी कुठे पाहिलं?

भारत उठून माझ्याजवळ आला. रडवेला झाला होता. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "सायले, आईशप्पथ, या वेळी तूच जिंकलीस गं."

मी त्याचा हात काढला.

"मागच्या वेळीही आईचीच शप्पथ होती," मी म्हणाले.