दूध निळंच राहिलं

चौसाळ्याच्या त्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे असं म्हणायचं, कारण दारावर तशी पाटी आहे. आत एक सूक्ष्मदर्शक, त्यातून सगळं जग धुकं पडल्यासारखं दिसतं. एक इनक्युबेटर, त्यात शिपाई आपला जेवणाचा डबा ठेवतो. रोहिणी तिथं तासिकेवर रुजू झाली तेव्हा प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. म्हणाले, "मॅडम, आता सगळं ऑनलाइन मिळतं. शोधा आणि शिकवा."

आता हे बोलायला सोपं. मिळतं खरं, पण कुठं पासवर्ड मागतात, कुठं वर्गणी. कुठं माऊसनं नळी उचलून खोटा खोटा प्रयोग करायची सोय असते, पण चौसाळ्याच्या रेंजमध्ये ती नळी अर्ध्यातच लटकून राहते. चित्रफिती मात्र सुंदर होत्या. जंतू कसे फुटतात, एकाचे दोन, दोनाचे चार, बघत राहावं असं. पण बोलणारा गोरा माणूस नाकात बोलायचा आणि पाली, चौसाळ्याकडची पोरं तोंडाकडं बघत बसायची. रोहिणीनं मग युक्ती काढली. आवाज बंद करायचा आणि चित्र चालू असताना आपण आपल्या मराठीत बोलायचं. त्यासाठी तालीम लागते, आणि तालमीला ऐकणारं कुणीतरी लागतं.

घरी ऐकणार कोण? नवरा अमरसिंह पुण्याला कंपनीत. सासू वच्छलाबाई टीव्हीवर जंतू दिसले की पदर नाकाला लावायच्या. "जेवायच्या टायमाला हे किडे कावून लावतीस गं?" म्हणत स्वयंपाकघरात जायच्या त्या तिकडच्याच. ऐकायचे ते एकटे सासरे.

राधाकिशन आण्णा म्हणजे पालीच्या अलीकडच्या त्या गावातलं मोठं प्रस्थ. रानं, दूध संकलन केंद्र, पंचक्रोशीत शब्दाला वजन. सून रोज चौसाळ्याला जाते यावरून भावकीनं कुजबुज केली, तेव्हा आण्णांनीच पारावर सुनावलं होतं, "आमची सून हाय, आमी बघू. तुमी आपापल्या घरचं बघा." तर हे आण्णा संध्याकाळी दिवाणावर मांडी घालून, चष्मा चढवून बसायचे. "हं, लाव तुझी जंतूंची शाळा." आणि नुसते बसायचे नाहीत, प्रश्न विचारायचे. जंतू थंडीत मरतात का झोपतात? उकळलं की सगळेच मरतात का? एकदा तिनं जखम धुवायच्या औषधाची चित्रफीत लावली. थेंब टाकला की फेस येतो आणि जंतू खलास. आण्णांनी ती पुन्हा लावायला सांगितली.

"दिसाया पाण्यावानीच हाय की. वासबी न्हाई?"

"नाही आण्णा."

"आन् काम झाल्यावर मागं काय ऱ्हातं?"

"पाणीच राहतं. बाकीचा प्राणवायू उडून जातो."

"लई भारी हाय," आण्णा म्हणाले.

रोहिणीच्या सख्ख्या बापानंसुद्धा तिला कधी विचारलं नव्हतं की पोरी, तू एमएस्सीला शिकतेस तरी काय. लग्नात 'मुलगी डबल ग्रॅज्युएट' एवढंच सांगून मोकळा झाला होता तो. म्हणून ती स्टाफरूममध्ये मान ताठ करून सांगायची, "माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी घरी आहे." या एका माणसानं आपल्या शिक्षणाची कदर केली, हे तिचं माहेर होतं आणि हीच तिची कमाई होती.

मार्चमध्ये तिला एक पान सापडलं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा खेड्यातल्या शिक्षिकेनं बनवलेलं, आपल्यासारखंच, काहीच नसलेल्यांसाठी. प्रयोग साधा. दुधात निळ्या रंगाचे थेंब टाकायचे, नळीला बूच लावायचं आणि उबेला ठेवायचं. दुधातले जंतू प्राणवायू खातात, तो संपला की निळा रंग उडून दूध पांढरं होतं. जितकं लवकर पांढरं, तितके जंतू जास्त. उबेला तर बीड जिल्ह्यात मार्चमध्ये वेगळी सोय करावी लागत नाही. रोहिणी हरखूनच गेली. पोरांना सांगितलं, उद्या घरून दूध आणा.

तिच्या घरची म्हैस नेमकी आटली होती. अलीकडे घरात केंद्रावरचं दूध येत नसे, घरच्या म्हशीचंच घरात, अशी आण्णांची शिस्त. मोठ्या घरांच्या तऱ्हा, असं ती समजायची. सकाळी जाता जाता केंद्रावर थांबली, आण्णा बीडला गेले होते, तिनंच कॅनमधून बाटली भरून घेतली.

वर्गात मजा आली. एकाचं दूध तासाभरातच पांढरं पडलं. त्याला पोरांनी विचारलं, "का बे, म्हशीला धुतलं होतं का न्हाई कधी?" दुपारपर्यंत बहुतेकांच्या नळ्या फिकटल्या. कॉलेज सुटताना दोनच निळ्या होत्या, एक पालीच्या सटवाच्या लेकीची, उज्ज्वलाची, आणि एक मॅडमची. त्यातही मॅडमची जास्त निळी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रोहिणीला लाजल्यासारखंही झालं आणि बरंही वाटलं.

घरी येऊन तिनं आण्णांना कौतुकानं सांगितलं. आण्णांचा चेहरा काही खुलला नाही.

"कुठलं दूध नेलतंस?"

"केंद्रावरचं. कॅनमधलं."

"आसल्या गोष्टी घरच्या दुधावर कराव्या," एवढंच बोलून ते हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाची नळी पांढरी झाली होती. मॅडमची अजून निळी, काल होती तेवढीच निळी. पोरं पुन्हा वाहवा करायला लागली, पण उज्ज्वला नळीकडं बघत राहिली.

"मॅडम, आमच्या बापाचं दूध तुमच्याच केंद्रावर जातं. शेजारच्यांचंबी. आमचं पांढरं झालं, मग तितं जाऊन आसं काय व्हतं त्याला?"

रोहिणीला उत्तर माहीत होतं. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला येतं ते. तरी तिनं फोन काढून त्या आफ्रिकेतल्या बाईचं पान शेवटपर्यंत वाचलं. कालपासून अर्धंच वाचून नाचत होती. खाली लिहिलं होतं: दूध दुसऱ्या दिवशीही निळंच राहिलं तर खूश होऊ नका, कुणीतरी त्यात जंतू मारणारं काही घातलं असेल. तिनं उज्ज्वलाच्या नळीतलं चमचाभर दूध आपल्या नळीत ओतलं आणि पुढचे तास घेतले. काय शिकवलं ते तिचं तिलाच ठाऊक नाही. सुटताना पाहिलं, रंग ढळला नव्हता. जिवंत जंतू घातले, तेही मेले होते.

घरी आली तेव्हा आण्णा दिवाणावरच होते. तिनं चपलाही काढल्या नाहीत.

"आण्णा, दुधात ते जखमेचं औषध घालता तुम्ही?"

आण्णांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. खोटं बोलले असते तर तिला निदान भांडता आलं असतं. पण ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "टँकर यीस्तवर दूध नासतं, पोरी. उन्हाळा हाय. टाकून दिऊ का? आन् मी काय इख घालतो का? तूच म्हनलीस की, मागं पाणीच ऱ्हातं."

"मी जखमेचं सांगत होते. दूध लेकरं पितात."

"आजपतोर कुणाला काय झालंय का?"

"मग आपल्या घरात का येत नाही ते?"

"घर येगळं, धंदा येगळा."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. म्हणजे वच्छलाबाईंनाही ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक होतं, शिकलेल्या सुनेला सोडून. पण रोहिणीला विचारायचं होतं ते वेगळंच, आणि ते विचारताना तिचा आवाज फाटला.

"माझ्याजवळ बसत होता रोज, ते यासाठी?"

आण्णांना तिच्या रडण्याचं कारणच कळलं नाही. ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "आगं, रडतीस कावून? तुझं शिक्षाण वाया न्हाई गेलं. घराच्या उपेगी पडलं. आता तेवढं वर्गात काय बोलू नको म्हंजे झालं."

केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा. दुखत नाही आधी, हातसुद्धा मायेचाच लागतो. तिनं तो हात बाजूला केला. सून घरात आल्यापासून पहिल्यांदाच असं झालं, आणि दोघांनाही ते कळलं.

सकाळी ती निघाली तेव्हा वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. "परवाच्याला अमर येणार हाय," एवढंच म्हणाल्या. धमकी होती का विनवणी, रोहिणीनं विचारलं नाही.

वर्गात तिनं नळी पोरांसमोर टेबलावर ठेवली. म्हणाली, "टाळ्या वाजवल्या होत्या ना? त्या चुकीच्या होत्या, आणि मी वाजवू दिल्या." मग सगळं सांगितलं, चित्र नाही, पडदा नाही, खडू घेऊन. निळं का राहतं, कशानं राहतं. शेवटी म्हणाली, "हे दूध आमच्या केंद्रावरचं आहे. आमचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. उज्ज्वला, आज घरी गेल्यावर बापाला सांग. पालीत सगळ्यांना सांगितलं तरी चालेल."

मागच्या बाकावरच्या पोरांनी खाली माना घातल्या, जणू त्यांनीच काही केलंय. उज्ज्वलाचे डोळे भरले होते, रागानं का कशानं कोण जाणे.

"पर मॅडम, आण्णांची तर शाळासुद्धा झालेली न्हाई. ह्ये येवढं, काय घातलं म्हंजे जंतू मरत्यात, वास येत न्हाई, मागं काय ऱ्हातं, ह्ये त्येंला कुणी शिकवलं?"

रोहिणीनं खडू खाली ठेवला.

"मी," ती म्हणाली. "आणि फार मन लावून शिकवलं गं."