सिंकखालचा माणूस

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी फर्नवुड रस्त्यावरच्या निम्म्या घरांतले पुरुष नाहीसे होतात. नुसती माणसंच जात नाहीत. त्यांचे बूट, दाढीचं सामान, खुंटीवरच्या टोप्या, सगळं काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत भरून शेजारी रवाना होतं. यात कुणी लाजत नाही आणि कुणी कुणाला काही विचारतही नाही. ज्यांना सरकारकडून भाड्याचं व्हाउचर मिळतं त्यांच्याकडे वर्षातून एकदा हाउसिंगच्या ऑफिसातून बाई येते. ती नळ बघते, खिडक्या बघते, शेगडी बघते, आणि डोळे उघडे असल्यामुळे बाकीचंही तिला दिसतं. व्हाउचरवर ज्यांची नावं आहेत त्यांनीच त्या घरात राहायचं, असा नियम. अमेरिकेतल्या टोलिडो शहरातल्या या रस्त्याने त्यावर आपल्या परीने तोड काढली. ती नियमात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोटच्या पोराला गाडीत झोपवणं मात्र नियमात अगदी व्यवस्थित बसतं.

ओडेसा प्रुइटची ही पहिलीच वेळ. आजवर तिच्या घरात लपवण्यासारखं कुणी नव्हतंच. ती आणि तिची सहा वर्षांची नात नायला, दोघींची नावं व्हाउचरवर. पण मार्चमध्ये तिचा मुलगा कॉर्ट तुरुंगातून सुटून आला. नायला त्याचीच मुलगी. तिची आई केव्हाच ह्यूस्टनला निघून गेली होती आणि नाताळात एखादा फोन करायची. कॉर्टचं नाव व्हाउचरवर घालता येईल का, म्हणून ओडेसा ऑफिसात विचारून आली. तिथली मुलगी बोलायला गोड होती. नशेच्या पावडरीची केस असली की अजून काही वर्षं तरी नाही, असं तिने अगदी गोड आवाजात सांगितलं. कॉर्टच्या सुटकेच्या कागदांवर मावशीचा पत्ता होता. मावशीच्या घरात मांजरालाही अंग चोरून बसावं लागायचं. तो दोन रात्री तिथे राहिला आणि तिसऱ्या रात्री आईच्या सोफ्यावर आला.

कॉर्टच्या सामानाच्या दोन पिशव्या घेऊन ओडेसा शेजारच्या मिस अर्लीनकडे गेली. मिस अर्लीनचं घर स्वतःचं, तिच्याकडे कोण कशाला तपासायला येतंय? दारातच तिने पिशव्या हातात घेऊन तोलल्या.

"आजवर लोकांनी माझ्याकडे नवरे ठेवले गं," ती म्हणाली. "पोरगा ठेवणारी तूच पहिली."

ओडेसा हसली, पण तिचं लक्ष हसण्यात नव्हतं. हे व्हाउचर हाती यायला तिला सात वर्षं रांगेत काढावी लागली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पगारातला तिसरा हिस्सा ती घरमालक हदादला द्यायची, उरलेलं भाडं ऑफिस भरायचं. व्हाउचर गेलं तर त्या पगारात या शहरात कुणी तिला गॅरेजसुद्धा दिलं नसतं. नायलाची शाळा, तिची वरच्या मजल्यावरची खोली, सगळंच त्याच्याबरोबर गेलं असतं.

खरं तर सगळं ठरल्यासारखं पार पडलं असतं, पण स्वयंपाकघरातलं सिंक गळत होतं. हदादचा माणूस आज येतो, उद्या येतो करत आलाच नव्हता. गळका पाइप म्हणजे घर नापास, आणि घर नापास झालं की ते दुरुस्त होईपर्यंत ऑफिस भाडं अडवून धरतं. त्यांना बाहेर काढायला हदादला तेवढंच निमित्त हवं होतं. जास्त भाडं देणारे त्याच्या दारात उभेच होते. म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळी कॉर्ट पाना घेऊन मागच्या दाराने आत आला. दहा मिनिटांचं काम आहे, तो म्हणाला. नोटिशीत नऊ ते एक लिहिलं होतं, आणि ही बाई नऊला आल्याचं रस्त्यावर कुणाच्याच ऐकिवात नव्हतं.

त्या दिवशी ती नऊला आली.

दार वाजलं तेव्हा कॉर्ट कमरेपर्यंत सिंकखाली शिरलेला होता. जुना पाइप निघाला होता, नवा लागायचा होता. मागच्या दाराने पळाला असता तर स्वयंपाकघरात तळं झालं असतं. टेबलाशी नायला चित्र रंगवत बसली होती. ओडेसाने तिची हनुवटी हातात धरली.

"बाई आलीय. बाबाला बाबा म्हणायचं नाही. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, एकदाही नाही. कळलं?"

हे सांगण्याला कारण होतं. बाप दिसला की त्या पोरीचा चेहरा असा फुलायचा की आंधळ्यालाही नातं कळलं असतं. नायलाने मान हलवली आणि खडू उचलला.

मिस व्हॅन्ट्रीस उंच, सावकाश चालणारी बाई होती. हवापाण्याच्या गप्पा मारणं तिच्या स्वभावात नसावं. तिने धुराची घंटा दाबून वाजवली, प्रत्येक खिडकी वर उचलून खाली सोडली, न्हाणीघरात गरम पाण्याखाली बोट धरलं. ओडेसा तिच्या मागे मागे, आणि जाईल तिथे तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मग बाईने जिन्याखालचं कपाट उघडलं. आत बूट नव्हते, कोट नव्हता; पण दांडीवर रिकामे हँगर लोंबत होते, एका बाजूला सारलेले, कालपर्यंत कपडे वागवल्यासारखे. मिस व्हॅन्ट्रीसने ते बोटाने जरा हलवले आणि कपाट लावून टाकलं.

मग ती स्वयंपाकघरात आली.

"हे कोण?"

"घरमालकाचा माणूस," ओडेसा म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "सिंकसाठी पाठवलाय."

"नाव काय तुमचं?" मिस व्हॅन्ट्रीसने त्या पायांना विचारलं.

"कॅल्विन," सिंकखालून उत्तर आलं. ते त्याच्या मेलेल्या बापाचं नाव होतं. ऐनवेळी माणसाला आपल्याच घरातली नावं सुचतात, याचा ओडेसाला त्या क्षणी भयंकर राग आला.

बाईने शेगडीचे चारही बर्नर पेटवून बघितले. बटणांपाशी गॅसगळती तपासायचं यंत्र लावलं. नंतर ती टेबलाशी वाकली आणि नायलाला विचारलं, हे काय काढतेस. घोडा, नायला म्हणाली. इथे कोण कोण राहतं, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. मी आणि आजी, नायला म्हणाली आणि घोड्याला शेपूट काढायला लागली.

तेवढ्यात सिंकखालून पाना निसटला आणि फरशीवर असा काही आपटला की ओडेसा जागच्या जागी उडाली. मिस व्हॅन्ट्रीसनेही झटकन मागे बघितलं. कॉर्ट पुटपुटत माफी मागत होता. नायला तेवढी शांत होती. तिचा खडू थांबलाही नाही. ओडेसाचा ऊर अभिमानाने भरून आला. काय गुणाची पोर आहे, तिला वाटलं.

कॉर्टने नळ सोडला. पाइप कोरडा राहिला. मिस व्हॅन्ट्रीसने खाली वाकून त्यावरून हात फिरवला, कॉर्टच्या चेहऱ्याकडे अंमळ जास्तच वेळ बघितलं आणि बाहेरच्या दाराकडे निघाली. ओडेसा तिला सोडायला ओट्यावर आली.

"घर पास आहे," बाई म्हणाली.

ओडेसाने कठडा धरला. ती आभार मानायला लागली, पण बाई जाईना. पायरीवर उभी राहून तिने पेन पर्समध्ये ठेवलं.

"मिस प्रुइट, वीस वर्षं झाली मला लोकांच्या स्वयंपाकघरांतून फिरताना. सिंकखाली परका माणूस शिरला की पोरं त्याच्या बोकांडी बसतात. हे काय, ते कशाला, विचारून जीव खातात त्याचा. पाना पडला तेव्हा मीसुद्धा दचकले. तुमच्या पोरीने मान वर केली नाही."

ओडेसाला काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं खोटं होतं आणि आज तिचं बरंच खोटं खर्च झालं होतं.

"मी पाइप आणि खिडक्या बघते," मिस व्हॅन्ट्रीस म्हणाली. "कोण राहतं ते बघणारे वेगळे. ते आधी कळवून येत नाहीत."

एवढं बोलून ती पायऱ्या उतरली. ही धमकी होती की माया, ते तिच्या पाठीवरून ओळखता येत नव्हतं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ओडेसा तिथेच उभी होती.

ती आत आली तेव्हा कॉर्ट हात पुसत हसत होता. पास ना, त्याने खुणेने विचारलं. तिने मान हलवली. त्याने पाना टेबलावर ठेवला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात पसरले.

"गेली ती, राणी. ये इकडे."

नायला रंगवत होती. घोडा मघाशीच पुरा झाला होता. आता ती कागदाचा एकच कोपरा घासत होती, आणि तिथे कागद फाटून खालचं टेबल दिसायला लागलं होतं. हे ओडेसाला आत्ता दिसलं. कॉर्टने पुन्हा हाक मारली, जरा हळू. त्याचे हात अजून पसरलेलेच होते, पण चेहऱ्यावरचं हसू आटत चाललं होतं.

"आजी," नायलाने खालमानेनेच विचारलं, "आता बघू?"

ओडेसाला ओरडून हो म्हणावंसं वाटलं. लेकराला बापाकडे बघायला आपली परवानगी लागावी, याने तिचं काळीज तुटलं. तरी ती आधी खिडकीपाशी गेली. तिने रस्ता न्याहाळला, पडदा ओढला, मागच्या दाराची कडी लावली आणि मगच म्हणाली, "बघ."

नायलाने मान वर केली. तिने आधी दाराकडे बघितलं आणि मग बाबाकडे.