आसात अडकलेलं कुंकू

या मित्रांनो, पुढे सरकून बसा. टाळ-मृदंग नाहीत, तरी एक छोटं आख्यान सांगते. मी एक जुनी चाकजोडी आहे. टेबलावर धावणाऱ्या नमुन्याच्या मालगाडीची. दोन पोलादी चाकं आणि त्यांना जोडणारा आस, एवढाच माझा देह.

सातपूरच्या कारखान्यात लेथवर हयात घालवलेल्या गंगाधरांनी निवृत्तीनंतर मला आणि माझ्या बहिणींना घडवलं. पुढे त्यांचा हात थरथरू लागला. पुन्हा तसं काम त्यांच्या हातून होणार नव्हतं.

दसऱ्याला देवळाच्या सभामंडपात मुलांना गाडी दाखवायची होती. त्या सकाळी शेजारचा किशोर बाजारातली प्लॅस्टिकची चाकं घेऊन आला.

"काका, आता हीच बसवा. लोण्यासारखी पळतात."

"लोणी पळतं होय रे? चल, दाखव पळवून."

तिरप्या फळीवर रूळ मांडले. डबे सारखेच, चाकं तेवढी वेगळी. न ढकलता वरून सोडायचं; लांब जाईल त्याची चाकं गाडीला. प्लॅस्टिकचा डबा सुळकन टेबलाच्या टोकाशी गेला. मी मात्र अर्ध्या उतारावरच अडखळले. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच.

गंगाधर चष्मा पुसत राहिले. "बरं. बदल चाकं."

किशोरने मला डब्याखालून काढलं. माझ्या टोकांना लाल लगदा होता. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी इंदिराबाईंनी तो पाहिला आणि कप तिथेच टेकवला.

"अगबाई! काल खंडेनवमीला तुमच्या हत्यारांची पूजा केली ना, तेव्हा हिलाही तेलात कालवून कुंकू लावलं मी. सगळ्या चाकांना, अगदी आतपर्यंत!"

"देवी पावली," गंगाधर म्हणाले, "पण ब्रेक लावून गेली!"

किशोर हसता हसता बसलाच. इंदिराबाईंनी काडीला कापूस गुंडाळून आम्हा साऱ्यांना आणि आस टेकायच्या खाचांना स्वच्छ केलं. मग परत डब्याखाली बसवल्यावर मी सुटले ती प्लॅस्टिकच्या डब्याला मागे टाकून, टेबल ओलांडून थेट त्यांच्या पदरात. त्या संध्याकाळी सभामंडपात आम्हीच धावलो.

आता गंगाधर नाहीत. इंदिराबाई दर खंडेनवमीला डब्याच्या बाहेरच्या अंगाला एकच ठिपका लावतात, आणि आधी माझी टोकं पुसतात. भक्ती करावी मित्रांनो, पण आसाची वाट मोकळी ठेवून.

एवढंच मागणं: फाटकाशी मालगाडी खडखडत जाताना दिसली, तर डबे मोजून झाल्यावर चाकांकडेही पाहा, आणि थरथरत्या हाताच्या गंगाधरांची एकदा आठवण काढा.