आवाजापुरते काडतूस

कारागिराने दुनळी बंदूक मधून उघडली, नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरल्या आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहिले. मग पितळी मोजपट्टी मागच्या बाजूने आत सरकवली. ती मधेच अडली.

"पासष्ट मिलिमीटर," तो म्हणाला. "काका, ही नवी काडतुसं सत्तरची आहेत. यात नकोत."

काकांनी हातातला डबा उलटून पाहिला. सत्तरचा आकडा त्यावर ठळक छापलेला होता. छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रिते तपासलेल्या माणसाला तो दिसला नव्हता.

"पण घरी घालून पाहिलं. बसलं की व्यवस्थित."

"बसणारच. तोच तर घात आहे. काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं तोवर ते आखूड. उडालं की तोंड उलगडतं, आणि इथे उलगडायला जागा नाही. मग सगळा जोर नळीवर येतो. नळी फाटली तर तुमच्या तोंडावर."

"मी म्हटलं होतं, आधी दाखव कोणाला तरी," शेजारच्या स्टुलावरून त्यांची थोरली बहीण म्हणाली. "पण ह्याला सगळं वाचून कळतं."

बंदूक वडिलांची होती. ते एका फळबागेचे राखणदार होते. परवाना संपत आला होता आणि सोमवारी ती ठाण्यात जमा करायची होती. त्याआधी एकदा तो आवाज ऐकावा, एवढीच काकांची इच्छा. ती सांगतानाही ते दोनदा अडखळले होते.

त्यांनी पिशवीतून पत्र्याची डबी काढली. आत कागदी वेष्टनाची पाच काडतुसे होती, वडिलांनी घरी भरलेली. झाकण उघडताच तेलाचा आणि जुन्या कागदाचा वास आला, आणि क्षणभर ते पुन्हा त्या पहाटेच्या बागेत होते. वडील पुढे, त्यांच्या सदऱ्याचे टोक धरून आपण मागे. बार व्हायचा, साळुंक्यांचा थवा उठायचा, एक फेरी मारून पलीकडच्या झाडावर बसायचा. एकही कधी पडली नाही.

"आमच्या बाबांसमोर हत्ती उभा केला तरी नेम चुकेल." नवव्या वर्षी मालकाच्या मुलाला त्यांनी हे सांगितले होते. पुढे मित्रांना, छापखान्यात, लग्नाच्या पंगतीत वडिलांच्या देखत. वडील दर वेळी हसत.

कारागिराने एक काडतूस तळहातावर तोलले. मग दुसरे.

"फारच हलकी आहेत. एक कापून बघू?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. ताई खिडकीबाहेर पाहू लागली.

पाते फिरले. आधी बूच निघाले, मग टेबलावरच्या कागदावर चिमूटभर भुरकट काहीतरी सांडले.

"छर्रेच नाहीत," कारागीर म्हणाला. "कोंडा आहे, काका. नुसता आवाज."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मालक शिसं द्यायचा ना बाबांना? त्याचं काय व्हायचं?"

"पडक्या विहिरीत जायचं," ताई म्हणाली.

ते तिच्याकडे वळले.

"कोंडा भरायचं कोण, असं वाटलं तुला? बाबांची बोटं जाड. दर रविवारी तू मालकाच्या मुलाकडे खेळायला गेलास की आम्ही बसायचो."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. मालकाला कळतं तर नोकरी गेली असती."

काका पुन्हा त्या कागदाकडे वळले.

"मी ते हत्तीचं सगळीकडे..."

"मी एकदा तुला रागावणार होते. बाबा म्हणाले, म्हणू दे त्याला. त्याच्यामुळेच तर मालकाला खरं वाटतंय."

कारागिराने घसा खाकरला. "ही जुनीही उडवू नका. कागद फुगलाय, दारूचा भरवसा नाही. पासष्टची मागवतो, पण पंधरा दिवस लागतील."

"सोमवारी जमा करायची आहे," काका म्हणाले. "राहू द्या आता."

बंदूक पिशवीत गेली. कारागीर कागद झटकायला निघाला, तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. खिशातला रुमाल टेबलावर पसरून त्यांनी कोंडा त्यावर ओतला. कागदाला चिकटलेला कणही बोटाने टिपून घेतला आणि रुमालाची टोके जुळवू लागले.

"गाठ नीट मार," ताई म्हणाली. "सांडशील."