जावयाने शोधलेलं हॉटेल

माझा नवरा खाएम्बा विमा कंपनीत आहे. दावे मंजूर करणाऱ्या खात्यात, असं तो सांगतो. खरं म्हणजे दावे मंजूर होऊ नयेत म्हणूनच ते खातं ठेवलेलं आहे, आणि त्या कामात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. कुणाचं दुकान जळू दे, कुणाची गाडी नदीत जाऊ दे, खाएम्बा कधी नाही म्हणत नाही. आवाजही चढवत नाही. समोरच्याला खुर्ची देतो, मनापासून हळहळतो आणि मग आणखी एक कागद आणायला सांगतो. माणूस हेलपाटे घालून दमला की प्रकरण आपोआप मिटतं.

हे मला लग्नाआधीच माहीत होतं. पुढे माझ्या आईचंही असंच प्रकरण होणार आहे, एवढं मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

आई किमिलिलीला, एल्गन डोंगराच्या पायथ्याशी राहते. मी नैरोबीत, उमोजामध्ये, तिसऱ्या मजल्यावर. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी आईनं माझं घर पाहिलेलं नव्हतं. आम्हा बुकुसु लोकांत सासू आणि जावई एका छपराखाली झोपत नाहीत. ते हात मिळवत नाहीत, एकमेकांकडे रोखून बघत नाहीत, आणि सासूच्या कानावर पडेल अशा आवाजात जावई भांडत तर मुळीच नाही. गावात ह्याची अडचण होत नाही. लेकीकडे आलेली आई शेजारी, लेकीच्या चुलत जावेच्या घरी झोपते आणि सकाळी अंगण ओलांडून चहाला येते. उमोजामध्ये आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत सात माणसं राहतात आणि त्यांतला एक ट्रम्पेट वाजवतो.

खाएम्बा तसा रीतीभातींचा माणूस नव्हे. त्याचे वडील वारले तेव्हा सगळ्या घरानं डोकी भादरली, पण हा तयार झाला नाही, ऑफिसात बरं दिसत नाही म्हणाला. गावच्या म्हाताऱ्यांची नक्कल करून दाखवतो आणि लोकांना हसवतो. पण सासू-जावयाच्या ह्या एका रीतीवर त्याची फार श्रद्धा. आईला बोलवू या, असा विषय मी काढला की त्याचा चेहरा गंभीर व्हायचा. बोलवू या ना, पण झोपतील कुठे? आणि मग तो सुस्कारा सोडायचा, जणू ती रीत मीच काढली होती.

त्याची आई मात्र दरवर्षी मका काढून झाला की यायची आणि पेरणीपर्यंत राहायची. नालियाकाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या खोलीत झोपायची. मुलाच्या घरी झोपणंही गावातल्या जुन्या माणसांना पसंत नसतं, पण स्वतःच्या आईचं वेगळं असतं, असं खाएम्बा म्हणायचा. सासूबाईंशी माझं काही वाकडं नाही. बाई मायाळू आहेत, भांडी घासू लागतात. पण दोन महिने त्यांना मक्याच्या पिठाची उगाली वाढताना माझ्या मनात रोज आई यायची.

यंदा मी जरा अक्कल चालवली. रविवारी पास्टर आमच्याकडे जेवायला होते. त्यांच्यासमोर, भाजी वाढता वाढता मी म्हटलं की डिसेंबरमध्ये माझी आई येणार आहे, पहिल्यांदाच. पास्टरांना फार आनंद झाला. खाएम्बालाही व्हावाच लागला. पाहुणे गेल्यावर तो बराच वेळ दात कोरत बसला आणि मग म्हणाला, "आईंना आपण हॉटेलात ठेवू. पण कुठल्याही नाही. त्यांच्या मानाला शोभेल आणि आपल्याला परवडेल, अशाच."

तेव्हापासून हॉटेलाचा शोध सुरू झाला.

खाएम्बानं त्यात काही म्हणजे काही कसर ठेवली नाही. रोज जेवण झालं की फोन घेऊन बसायचा. सगळ्या हॉटेलांच्या फोटोत तोच पलंग आणि त्यावर टॉवेलचा तोच हंस. सगळी हॉटेलं शहराच्या मध्यापासून पाच मिनिटांवर. नैरोबीत पाच मिनिटांत मटाटूचा कंडक्टर सुट्टे पैसेसुद्धा परत देत नाही. लोकांचे अभिप्राय तो दाव्याच्या अर्जासारखे वाचायचा. कुणी कौतुक केलं असेल तर म्हणायचा, हा मालकाचा मेव्हणा. कुणी नावं ठेवली असतील तर फोन माझ्यापुढे धरून म्हणायचा, बघ, बरं झालं आपण घाई केली नाही.

एका हॉटेलात पोहण्याचा तलाव होता. आई पडल्या तर कोण जबाबदार, म्हणून ते गेलं. दुसऱ्यात तलाव नव्हता. इतक्या मोठ्या हॉटेलात तलाव नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे, म्हणून तेही गेलं. बस थांब्याजवळचं आवाजामुळे बाद, लांबचं मटाटूच्या भाड्यामुळे बाद. एक जागा मलाच सापडली. कॅथलिक सिस्टरांचं अतिथिगृह, स्वच्छ, स्वस्त, सकाळचा नाश्ता धरून, आणि आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढंच लांब. मी त्याला ओढतच तिथे नेलं. त्यानं चादरी हाताळून पाहिल्या, नळ सोडून पाहिला, सिस्टरांचा चहा घेतला, केक घेतला. बाहेर पडल्यावर म्हणाला की सगळं उत्तम आहे, पण आई पडल्या क्वेकर पंथाच्या, आणि ह्या बायका पहाटे घंटा वाजवतात. एका धर्मशील बाईवर आपण दुसऱ्यांची घंटा लादायची का? हे म्हणताना त्याच्या मिशीला केक लागलेला होता.

ऑफिसात त्याचं नाव झालं. सासूसाठी इतक्या खस्ता खाणारा जावई आम्ही पाहिला नाही, असं त्याच्या साहेबांनी मला फोनवर सांगितलं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. मला कळून चुकलं की हा एकाही हॉटेलाला नाही म्हणत नाहीये, फक्त आणखी एक कागद मागतोय. आणि दमून घरी बसायची पाळी माझी आहे.

मी शाळांचे गणवेश शिवते. पन्नास स्वेटरांचं काम आलं होतं, त्यातून मी आईच्या बसचं तिकीट काढलं आणि गुरुवारी त्याला सांगितलं की ती शुक्रवारी रात्री बसमध्ये बसतेय, शनिवारी सकाळी पोचेल.

महिनोन्‌महिने न सापडलेलं हॉटेल खाएम्बाला शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सापडलं. बस अड्ड्याच्या मागे. नावात समुद्राची झुळूक होती. समुद्र तिथून रात्रभराच्या प्रवासावर. मी विचारलं, कसं आहे? तो म्हणाला, "व्यवस्थित आहे. अगं, म्हाताऱ्या माणसाला लागतं काय? पाठ टेकायला पलंग आणि दाराला कडी."

संध्याकाळी त्याला न सांगता मी ते बघून आले. खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तिच्या दारात कुणीतरी कांद्यांची पोती रचून ठेवली होती. पलंग होता, आणि कडीही होती, ह्यात त्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं. पाणी बादलीतून वर यायचं. खाली बार, त्याचे कर्णे खिडकीच्या बरोबर खाली. समोर एका प्रवचनकाराचा तंबू, त्याचे कर्णे खिडकीच्या बरोबर समोर. टॉवेल होता, पण त्याचा हंस करायला तो फार आखूड पडला असता. काउंटरवरच्या मुलीनं वही उघडून विचारलं, खाएम्बांची खोली ना? मी म्हटलं, हो, खाएम्बांचीच. दोन रात्रींचा मुक्काम मी आठवडाभराचा करून घेतला. घरी येऊन त्याचे शर्ट इस्त्री केले.

शनिवारी आई आली. डोक्याला नवा रुमाल, एका हातात पाय बांधलेली कोंबडी, खांद्यावर मक्याच्या पिठाचं पोतं, आणि केळीचा घड क्लीनरच्या डोक्यावर. तीन जिने चढून आल्यावर ती दारात थांबली आणि आधी नुसतं घर बघत राहिली. पडदे, गॅस, माझं शिलाई मशीन. नालियाका तिच्या कमरेला मिठी मारून उभी होती.

खाएम्बा रीतीप्रमाणे जिन्याच्या कोपऱ्यात, मान वळवून उभा. ह्या बाबतीत त्याला शंभरपैकी शंभर गुण दिले पाहिजेत. भिंतीकडे बघतच त्यानं अदबीनं सांगितलं, "नेलिमा, आईंना म्हणावं, चहा घ्या, मग मी सामान घेऊन पुढे होतो. खोली तयार आहे."

"नालियाकाचे बाबा, तुमची पिशवी दाराशी ठेवलीय," मी म्हटलं.

"माझी?"

"एका छपराखाली दोघांनी झोपायचं नाही, एवढीच रीत आहे. घर कुणी सोडायचं, ते काही तिच्यात सांगितलेलं नाही. आणि वहीत नाव तुमचंच आहे."

त्यानं तोंड उघडलं. आत आई कोंबडीचे पाय सोडत होती, तिच्यापर्यंत एकेक शब्द पोचला असता. सासूच्या कानावर भांडण जाऊ द्यायचं नाही. त्यानं तोंड मिटलं, पिशवी उचलली आणि इतक्या जपून जिना उतरला की पायांचा आवाजसुद्धा झाला नाही. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला.

पुढचे तीन दिवस तो रोज सकाळी जिन्यात यायचा. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. बार पहाटे बंद होतो आणि प्रवचन पहाटे सुरू होतं, मधे मिळतो तेवढ्या वेळात कूस बदलून होते, असं त्यानं दबक्या आवाजात सांगितलं. सैतानाला हाकलायचा कार्यक्रम तर थेट त्याच्या खिडकीकडे तोंड करून चालतो. मी खूप हळहळले. मग त्याला म्हटलं, तुम्ही हे सगळं लेखी द्या, सोबत फोटो जोडा.

आईनं त्याच्या मानात मात्र काही कमी पडू दिलं नाही. कोंबडी केली तेव्हा जावयाचा मानाचा तुकडा आधी बाजूला काढला आणि डब्यात घालून नालियाकाच्या हाती जिन्यात पाठवला. बाकी दिवसभर ती माझ्याजवळ बसायची. मी स्वेटरला बिल्ले लावायची, ती दोरे तोडायची. मंगळवारी दोरा तोडता तोडता ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "गावात मी सांगायची, नेलिमाच्या घराची दुरुस्ती चाललीय, झाली की बोलावणार आहे. मग त्या बायका विचारायच्या, बाई, एवढं मोठं घर आहे का, की दुरुस्ती संपतच नाही?"

मला हसू आलं. पण ती हसत नव्हती.

"मला वाटायचं, तुझे हाल असतील," ती म्हणाली. "आईला दाखवण्यासारखं काही नसेल, म्हणून बोलवत नसशील. मी रात्रीची पडून विचार करायची, की पोरगी जमिनीवर झोपत असेल."

मी हातातलं स्वेटर तोंडाशी धरून रडले. शाळेचं होतं, नंतर ते धुवावं लागलं.

बुधवारी खाएम्बा ऑफिसला गेलाच नाही. दहाच्या सुमाराला जिन्यात येऊन उभा राहिला. रात्री बारमध्ये कुणाचा तरी वाढदिवस झाला होता. आई आत, दाराजवळच सुकुमाची भाजी चिरत बसली होती. तो भिंतीकडे तोंड करून माझ्याशी बोलायला लागला, पण आवाज आतल्यांसाठी होता.

"नेलिमा, मी ह्यावर नीट विचार केलाय. रीत असते ती आपल्या घराला. आपण बांधलेल्या, आपल्या जमिनीवरच्या. हे घर भाड्याचं आहे. छप्पर घरमालकाचं. तो उद्या हाकलील, आपण रस्त्यावर. तेव्हा इथे कोण कुणाबरोबर झोपलं, त्याचा रीतीशी संबंधच येत नाही. आई त्यांच्या खोलीत, मी माझ्या. कुणाचा मान कमी होत नाही."

बोलणं बिनतोड होतं. विमा कंपनीत एवढं नीट मांडणारा दावेदार त्याला आजवर भेटला नसेल.

आतला सुरीचा आवाज थांबला. आई जावयाशी कधी थेट बोलली नव्हती. आताही तिनं वर न बघता मलाच सांगितलं.

"नेलिमा, त्यांना विचार, हे घर भाड्याचं कधीपासून झालं?"

मला विचारावं लागलंच नाही. खाएम्बाला ऐकू गेलं होतं, आणि तारीख विचारली की ती बरोबर सांगायची त्याला सवय आहे.

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

म्हणजे नऊ वर्षं. त्याच्या मानेवरून, कानांवरून मला कळलं की आपण काय बोलून बसलो ते त्याला ऐकू आलंय. आई "बरं" म्हणाली. सुरी पुन्हा चालू झाली. थोड्या वेळानं तिनं मला सांगितलं की चहा उकळलाय, जावयांना बाहेर नेऊन दे.

मी कप नेऊन दिला. त्यानं तो उभ्यानंच प्यायला.

"त्यांना राग आलाय का?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"तुम्हीच विचारा," मी म्हटलं.

त्यानं दाराकडे पाहिलं. आत जाऊन, समोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून विचारायचं, तर ती सोय त्याला नव्हती. कप माझ्या हातात देऊन तो हॉटेलकडे गेला. आई नाताळ करून मग गावी निघाली, तोवर हॉटेलच्या वहीत नाव त्याचंच राहिलं.