उपरण्याखालची दलाली

मित्रांनो, मी एक जुने उपरणे आहे. माझा जन्म इचलकरंजीच्या मागावर झाला आणि कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या जोतीराम दलालांच्या खांद्यावर मी म्हातारे झाले. जोतीराम आधी बैलांची दलाली करत, पुढे घराजागांची करू लागले. सौदा करणारे माझ्याखाली हात घालत आणि बोटे दाबून भाव ठरवत. बाहेरच्यांना काही म्हणता काही कळत नसे. लोक मला मानत, आणि मीही फुगून जात असे.

पुढे १९५१ साली जोतीरामांनी फाउंटनपेन घेतले. सोनेरी टोपणाचे, सदऱ्याच्या खिशातून मिरवणारे! ते मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपले. जोतीराम त्याला उगाच काढून बघत आणि माझ्याने घाम पुसत. खरे सांगते, मी जळत होते.

त्याच साली जोतीरामांच्या एका गिऱ्हाइकाला, हंबीररावांना, म्हापशात घर घ्यायचे होते. त्यांच्या पत्नी शालूबाई यांचे ते माहेरचे घर. भावाने कधीच विकलेले, आता पुन्हा विक्रीला निघालेले. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य, म्हणजे तो परदेशच. जोतीरामांनी बोलणी केली. किंमत पेनाने कागदावर उतरवली आणि सगळ्यांनी पेनाचेच कौतुक केले.

म्हापशाला पोचल्यावर घरमालकाचा दलाल म्हणाला, "माझी दलाली घेणाऱ्याने द्यायची."

हंबीरराव भडकले. "आमच्यात ज्यानं त्यानं आपल्या दलालाला द्यायची. तुझा मालक दील की!"

"तो देणार नाही. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

"मग ऱ्हाऊ दे तुझं घर! चला, जोतीराम."

किंमत लिहिली, पण दलाली कुणाची ते लिहायचे राहिलेच होते. जिरली पेनाची! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण शालूबाई अंगणातल्या विहिरीपाशी उभ्या होत्या. "आई इथंच पाणी शेंदायची," एवढेच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

तेव्हा जोतीरामांनी मला खांद्यावरून काढले आणि त्या दलालाच्या हातावर टाकले. माझ्याखाली त्यांची बोटे हलली. हंबीररावांकडून मिळायची स्वतःची सगळी दलाली त्यांनी त्याला देऊन टाकली. वर मात्र हसून म्हणाले, "मिटलं, हंबीरराव. त्यो मालकाकडनंच घेतोय."

सही झाली. हंबीरराव खुशीत म्हणाले, "ह्या पेनाचा पायगुण चांगला हाय बगा!"

पेनाचा! आणि वर ते गळू लागले, तेव्हा जोतीरामांनी ते माझ्याच अंगाला पुसले. तो निळा डाग अजून गेलेला नाही.

आता मी फळीवर धूळ खात पडले आहे. जन्मभर एकही सौदा मी बाहेर फोडला नव्हता. आज त्या पेनाच्या मत्सरापोटी फोडून बसले. मित्रांनो, मला कुणी धुऊन घडी घालून ठेवले नाही तरी चालेल, पण शालूबाईंच्या कानावर हे जाऊ देऊ नका. आपले माहेर नवऱ्याने पुरती किंमत मोजून, कुणाचे उपकार न घेता सोडवले, असे त्या अजून साऱ्या गावाला सांगतात.