शेवंता जीपमध्ये बसली

शहाऐंशीच्या मार्चात भिकनच्या जीपचा सगळ्यांनीच धसका घेतला होता. भडगावच्या आसपासच्या गावांतून कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी बाया गोळा करायच्या आणि शिबिरात पोचवायच्या, हे त्याचं काम. आरोग्य खात्याच्या साहेबांना टार्गेट पुरं करायची घाई. काही बाया आपणहून यायच्या, काहींना घरचेच दंडाला धरून आणून बसवायचे. भिकन जीपच्या आरशातून मागे बघायचं टाळायचा.

तो कॅथलिक. रविवारी मिस्सेची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या दारात फादर त्याला म्हणाले होते, "नवराबायकोच्या मधे सरकारनं शिरायचं नसतं, भिकन. आणि देवानं दिलेली देणगी आपणही छाटायची नसते. धोक्याचे दिवस पाळा, संयम ठेवा."

शेवंतानं, त्याच्या बायकोनं, हे ऐकलं. तिसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. पुढच्या खेपेला धडगत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवस पाळायचं दोघांनी ठरवलं खरं, पण भिकन कधी पिऊन यायचा, आणि मग कसले दिवस!

एका सकाळी शेवंता रस्त्यातच उभी. पोरं शेजारी ठेवून आली होती. जीप थांबताच मागे बायांमध्ये जाऊन बसली.

"उतर," भिकन म्हणाला.

"चालवा."

"फादरना काय सांगू?"

"मी सांगेन. पोरांना दुसरी आई कुठून आणाल, ते तुम्ही सांगा."

"काय व्हयनं, भाऊ?" सुनेला घेऊन बसलेल्या म्हातारीनं विचारलं. सून कोवळी होती, पदराआड रडत होती.

इतक्या बायकांना नेलं, आता आपलीलाच कोणत्या तोंडानं उतरवायचं? भिकननं गिअर टाकला.

शिबिर शाळेत होतं. वर्गात सतरंज्यांवर बाया ओळीनं निजवलेल्या. दाराच्या फटीतून भिकनला दिसलं: एकीच्या पोटातून काढलेली दुर्बीण ट्रेमधल्या गढूळ पाण्यात बुडवली, की लगेच दुसरीच्या पोटात.

"पाणी तरी बदला," तो म्हणाला.

"बाजूला हो. अजून पुष्कळ केसेस आहेत," आतला डॉक्टर म्हणाला.

दोन दिवसांनी शेवंताला ताप भरला, पोट दगडासारखं झालं. भिकननं तिला कोणाला न विचारता जीपमधून जळगावच्या दवाखान्यात नेलं. फादर तिथे आले, मरणाच्या दारातल्या माणसाला लावायचं पवित्र तेल घेऊन.

"झाल्याचा पश्चात्ताप आहे ना, बाई?"

"नाही, फादर. मरताना खोटं कसं बोलू?"

पश्चात्तापावाचून ते लावता येत नव्हतं. फादरांनी तेलाची कुपी उघडली नाही. ती मुठीत धरून ते खाटेजवळ गुडघे टेकून प्रार्थना म्हणू लागले.

शेवंता वाचली. डोळे उघडल्यावर तिनं विचारलं, "जीपमध्ये माझ्याशेजारी रडत होती ती पोरगी?"

भिकनला ठाऊक नव्हतं. तो जीप तिथेच सोडून एसटीनं तिच्या गावी गेला. ओट्यावर म्हातारी बसली होती, खाली तिरडीचे उरलेले बांबू पडले होते. घरात बायांची वर्दळ होती, पण रडण्याचा आवाज थांबलेला. सुनेची लहानगी म्हातारीच्या मांडीवर होती. त्याला बघताच तिनं नात पोटाशी घट्ट आवळली, जणू तो तिलाच न्यायला आला होता.

"आते कोनले लेवाले उना, भाऊ?"